मालक हयात आहे

परदेशातल्या एका कंपनीचं ॲप होतं. तिकडे लोक नको झालेलं सामान घराबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवून देतात आणि ज्याला हवं तो उचलून नेतो. ॲपमध्ये नकाशा, नकाशावर ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की सोफा, टेबललॅम्प, लहान मुलाची ढकलगाडी, आणि खाली लिहिलेलं: फुकट आहे, न्या. आमच्या पुण्याच्या ऑफिसला हे ॲप इथल्या लहान शहरांसाठी नव्याने मांडायचं काम मिळालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑफिसात लहान शहरात राहणारी मी एकटीच. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून मी यवतमाळला आईबाबांकडेच राहते, लॅपटॉपवर काम करते. मॅनेजर म्हणाला, "तू तर ग्राउंडवरच आहेस." मी तेव्हा ओट्याशी उभी राहून एका हाताने कणीक मळत होते.

आधी लोकांशी बोलायचं आणि मग स्क्रीन आखायला घ्यायचे, असा आमच्या धंद्याचा शिरस्ता आहे. मी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे इथल्या वसाहतीत फिरले, भाजीबाजारात फिरले. एकच प्रश्न विचारायचा: रस्त्याच्या कडेला एखादी चांगली खुर्ची फुकट ठेवलेली दिसली, तर घरी न्याल का?

"फुकट? काहून? ढेकणं असन तिच्यात," एक जण म्हणाला.

"कोणाचा उतारा असन बापा. आपण नाही हात लावत."

भाजीवाल्या मावशींनी तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेलेल्याची असन वं ते. जित्या माणसाची खुर्ची कोण टाकते बाहेर?"

हे मला आधीच कळायला हवं होतं; वाढले तर इथेच. आमच्याकडे माणूस गेला की त्याची गादी, उशी, काठी, चपला वस्ती संपते तिथे नाल्याच्या कडेला नेऊन ठेवतात. मुलांचा चेंडू तिकडे गेला तरी आया ओरडतात. जित्या माणसांचं जुनं सामान कधी रस्त्यावर येतच नाही. ते भंगारवाल्याकडे जातं, नाहीतर कामवाल्या बाईंच्या हातात जातं, नाहीतर शेतात. ज्यांचं शेत आहे त्यांचं तर सगळं शेतात. तीन पायांचा सोफा, आवाज गेलेला टीव्ही, आहेरात आलेला आणि कोणालाच न आवडलेला कपबश्यांचा सेट, सगळं कोठ्यात बैलांच्या शेजारी सुखाने नांदत असतं. रस्त्यावर उरतं ते फक्त गेलेल्यांचं.

तेव्हा मी एक उपाय काढला. वस्तूचा फोटो टाकताना खाली एक चौकोन ठेवायचा आणि त्याच्यापुढे लिहायचं: मालक हयात आहे. टिक केली की नकाशावरचा ठिपका हिरवा होणार. पाहणाऱ्याला लांबूनच कळणार की वस्तू घ्यायला हरकत नाही. मला तर हा उपाय फार आवडला होता. एवढा सरळ उपाय मला वर्षभरात सुचला नव्हता.

"हयात म्हणजे?" मॅनेजरने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"जिवंत."

तो हसला. "नाही नाही. फारच निगेटिव्ह आहे हे. लोक सोफा शोधायला येणार आणि आपण त्यांना मरण दाखवणार?"

मी म्हटलं, मरण त्यांना दिसतंच आहे, आपण ते पुसतोय. त्याला पटलं नाही. अंगावर झुरळ पडल्यासारखं तोंड करून तो म्हणाला, पहिल्या फेरीत तो चौकोन लपवून ठेव, नंतर बघू. माझं टाळकं सरकलं होतं. पण त्याच्या 'नंतर बघू'पुढे ऑफिसात आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. मी चौकोन लपवला.

आता बाबांच्या खुर्चीचं सांगते.

आमच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली ती खुर्ची असायची. लोखंडी पाइपची, हिरव्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या वायरने विणलेली, आणि इतकी बुटकी की बसणारा पार खाली जायचा. तिच्या हातावर बाबांनी वेल्डिंगवाल्याकडून एक कडं बसवून घेतलं होतं, चहाचा ग्लास ठेवायला. बांधकाम खात्यातली नोकरी संपल्यापासून पाच वाजले की त्यांचं बस्तान तिथेच. जाणाऱ्यायेणाऱ्याला हाक: "काहो, कुठं निघाले? चहा घेऊन जा." आणि लोक खरंच थांबत. त्यांच्या ऑफिसातले दोघे दोस्त रोज येत. राळेगावचे काका आठवड्याला एकदा, एसटीने. काका काही नात्यातले नाहीत, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. राळेगावला त्यांची कापूस-तुरीची शेती आहे. फाटकाशी आले की ते विचारत, "काय लेका, अजून आहे का?" बाबा म्हणत, "तुले पोचवल्याशिवाय नाही जात." हे वर्षानुवर्षं. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही, आणि ऐकणाऱ्यांचं कोणी विचारत नव्हतं.

झटक्यानंतर पहिल्या महिन्यात घरात केळी ठेवायला जागा नव्हती. सगळे येऊन गेले. मग कमी झाले, मग थांबले. बाबांची उजवी बाजू गेली तशी वाचाही गेली. डोकं शाबूत आहे, वाचता येतं, सगळं कळतं. पण शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो. समोरच्याला दम धरवत नाही, तो आपल्या मनाने भलताच शब्द पुरवतो, बाबा चिडतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पाहणाऱ्याला अवघड होतं, मला मान्य आहे. पण एकदा ऑफिसातले एक काका स्कूटरवरून आमच्या कोपऱ्यापर्यंत आले, त्यांना बाबा दिसले, आणि ते मागच्या गल्लीने वळून गेले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. इतका संताप आला मला! हातातला टॉवेल त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला.

आई म्हणे, "लोकायले कामं असतात." बाबा काही म्हणत नसत. दुपारी झोप झाली की डाव्या हाताने दाढी करायची, आईकडून इस्त्रीचा शर्ट चढवून घ्यायचा आणि पाचला फाटकाकडे तोंड करून बसायचं. व्यायाम करा म्हटलं की त्यांना झोप येई, गोळ्यांची वेळ त्यांच्या लक्षात राहत नसे, पण पाच वाजलेले बरोबर कळत. कोणीतरी यावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. आणि तेवढंच आम्हा दोघींना देता येत नव्हतं.

व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी एक दिवस बजावलं की ही बुटकी खुर्ची बंद. तिच्यातून त्यांना उठवायला दोन माणसं लागतात, एखाद दिवशी पाडाल. मग हातांची एक उंच खुर्ची आणली, ती फाटकाच्या आत पोर्चमध्ये ठेवली. बाबांनी दोन दिवस तोंड फिरवलं, मग बसायला लागले. जुनी खुर्ची पडून राहिली. भंगारात घालायला आईचं मन होईना. कामवाल्या बाईंच्या घरात जागा नव्हती. आमचं शेत नाही, नोकरदार घर आमचं, त्यामुळे तो रस्ताही नाही. नेमकं त्याच आठवड्यात ॲप लेआउटमधल्या आणि बाजारातल्या ओळखीच्या लोकांच्या फोनवर टाकून पाहायचं होतं. मॅनेजर म्हणाला, पहिली वस्तू तूच टाक.

सकाळी खुर्ची धुतली. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली तिच्या जागी ठेवली, फोटो काढला, लिहिलं: वायरची खुर्ची, चांगल्या स्थितीत, फुकट.

आई फाटकाशी आली. "बसत्या माणसाची खुर्ची कायले टाकून राह्यली वं बाहेर?"

"ॲपवर टाकलीय आई. कोणीतरी घेऊन जाईल."

"लोकं काय म्हणतीन?"

"काही म्हणत नाहीत. नवीन पद्धत आहे."

आईने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "करा बाप्पा, शिकलेले लोकं तुम्ही," असं म्हणून ती आत गेली.

दुपारच्या जेवणाआधी शेजारच्या काकू आल्या. हातात डबा, पदर तोंडाला. आई हॉलमध्ये खाली बसून तांदूळ निवडत होती. काकूंनी डबा ठेवला, आईला मिठी मारली आणि हुंदका दिला. "कसं झालं वं हे? मले तं सकाळी झाडताना दिसले होते."

"कोण दिसलं होतं?" आईने विचारलं.

उंच खुर्ची तेवढ्यापुरती पोर्चमधून आत घेतली होती आणि बाबा तिच्यात बसून बातम्या पाहत होते. त्यांनी मान वळवली. काकू "अवं माय!" करून दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांचा पाय तांदळाच्या ताटात पडला. डब्यात पिठलं-भात होता. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणून देतात, तो.

मी फोन पाहिला तेव्हा कळलं. कोणीतरी माझ्या पोस्टचा फोटो काढून लेआउटच्या ग्रुपवर टाकला होता. चहाचं कडं असलेली खुर्ची सगळ्यांनी ओळखली. फाटकाबाहेर, धुतलेली, रिकामी, फुकट. त्यावर एकाने हात जोडले, दुसऱ्याने 'ओम शांती' लिहिलं, तिसऱ्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मग रांगच लागली. तो फोटो तिथून बाबांच्या ऑफिसच्या ग्रुपवर, तिथून आणखी कुठे कुठे. आम्हाला विचारण्याचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. अशा वेळी घरच्यांना फोन करून खरं का म्हणून कोण विचारतं? एकाने मात्र केला, लांबच्या ओळखीच्या. "ताई, किती वाजता काढणार? म्हणजे त्या हिशेबाने निघतो."

"काढणार नाही आहोत," मी म्हटलं.

"म्हणजे उद्या?"

मी फोन ठेवला. हसू की बोंबलू, कळेना. ग्रुपवर लिहिलं, बाबा सुखरूप आहेत, गैरसमज झाला आहे. पण श्रद्धांजल्यांच्या ओघात ते कुठल्या कुठे वाहून गेलं.

मग ते आले. ऑफिसातले दोघे एका स्कूटरवर, मागच्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हार. मी फाटकातच गाठून सांगितलं. ते काका, मागच्या गल्लीने वळून गेलेले तेच, माझ्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी हार स्कूटरच्या हुकाला अडकवला, पुन्हा काढला, डिकीत कोंबला. आत आले तर बाबा त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. आईच म्हणाली, "चहा ठेवते." तिच्या आवाजात इतका उत्साह मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

राळेगावचे काका सगळ्यांच्या शेवटी आले. एसटीतून उतरून चालत आले होते, चपलांना शेतातली काळी माती तशीच. ते आत आलेच नाहीत. बाहेर त्या खुर्चीपाशी थांबले, चहाच्या कड्यावर हात ठेवला, आणि खांदे हलवत रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरासारखं. मी पळत गेले. "काका, बाबा आहेत. आत आहेत. तसं काही झालेलं नाही."

त्यांना कळायला वेळ लागला. मग माझ्यावर ओरडले. "मंग हे कायले टाकलं वं बाहेर? जीव गेलता ना माझा!" तोवर बाबांनी नवी खुर्ची दाराकडे वळवायला लावली होती. काका उंबरठ्यावर उभे राहिले. डोळे पुसले. नेहमीचा प्रश्न त्यांच्या तोंडातून निघेना.

बाबांनी तोंड उघडलं. आम्ही सगळे थांबलो. कोणीही मध्ये शब्द पुरवला नाही, कदाचित मेलेला माणूस बोलणार म्हटल्यावर सगळेच गप्प बसतात. बराच वेळ गेला.

"आहे," बाबा म्हणाले. "अजून."

त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. बाहेरची वायरची खुर्ची आत आणली आणि राळेगावचे काका तिच्यात बसले. चहा तीनदा झाला. काकूंचा पिठलं-भातही सगळ्यांनी वाटून खाल्ला, आणि काकूच सगळ्यात जास्त हसत होत्या. ज्याच्यासाठी आलो तो मेलाच नाही, याचा लोकांना एवढा आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं. ऑफिसातल्या एकाने जुन्या साहेबाची नक्कल केली. बाबा हसले, तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. आईने पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि कोणी नजर वळवली नाही. निघताना प्रत्येक जण दारात थांबून "येतो" म्हणाला, जोरात, मुद्दाम. मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत ना, म्हणून.

"आता येत जाऊ," काका म्हणाले. "पुढच्या बाजाराले येतोच."

मॅनेजर दुसऱ्या दिवशी खुशीत होता. एका पोस्टला इतके लोक! त्याने आलेखही पाठवला होता, त्यात आमच्या खुर्चीची रेघ डोंगरासारखी वर गेलेली. मी त्याला काय घडलं ते सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजात सांगितलं. तो वरमला. म्हणाला, तो चौकोन परत आण, आणि सक्तीचा कर. मालक हयात असल्याची टिक केल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. मी केलं. जिंकले म्हणायला हरकत नव्हती.

काका पुढच्या बाजाराला आले नाहीत. कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती म्हणे, आणि ते खरंही असेल. ऑफिसातले दोघे एकदा आले, उभ्या उभ्या, मग तेही नाही. बाबांची दाढी, इस्त्रीचा शर्ट, पाच वाजता फाटकाकडे नजर, सगळं पहिल्यासारखं. दिवस गेले. वायरची खुर्ची पोर्चच्या कोपऱ्यात उभी केलेली होती. तिच्यावर आई पायपुसणी वाळत घालायची.

एका संध्याकाळी मी बाबांशेजारी बसून फोनवर नवा चौकोन नीट चालतो का ते तपासत होते. बाबा वाकून पाहत होते. मग त्यांनी डाव्या हाताने कोपऱ्यातली खुर्ची दाखवली.

"बाहेर," ते म्हणाले. "ठेव."

"कोणी नेणार नाही बाबा ती."

त्यांनी मान हलवली. नेण्याचं ते बोलतच नव्हते. "फोटो," ते म्हणाले. "टाक."

मला वाटलं गंमत करतायत. मीही गमतीत जुना फोटो लावला, 'फुकट' लिहिलं, खाली 'मालक हयात आहे'वर टिक केली आणि त्यांच्यापुढे धरला. "हे बघा, आता घोटाळा होणार नाही."

बाबांनी ते वाचलं. मग बोट पुढे केलं, सावकाश, नेम चुकू नये म्हणून जपून, आणि ती टिक काढून टाकली.

ते गंमत करत नव्हते. तसंच फाटकाकडे पाहत बसले. फोनवरचं बटण राखाडी झालं. टिकेशिवाय पुढे जाता येत नाही, मीच तसं केलं होतं. मला रडू आलं आणि आत आईला ऐकू जाईल म्हणून मी ते गिळलं.

मग ॲप बंद केलं आणि राळेगावला फोन लावला. काकांनी पहिल्याच रिंगला उचलला. आमच्या घरचा नंबर पाहून त्यांचा आवाजच बदलला होता.

"काय झालं वं पोरी? गेला का?"

"नाही काका," मी म्हटलं. "गेले नाहीत, म्हणूनच फोन केलाय. या."